चौकट पुढे की मागे?

अवघड बाळंतपण आणि मुलांचे ताठरलेले पाय यांचा संबंध लंडनमधल्या एका शल्यविशारदाने १८६१ मध्ये मांडला; या अवस्थेला आज सेरेब्रल पाल्सी म्हणतात. पुढची कितीतरी दशकं या मुलांच्या वाट्याला दुसऱ्यांसाठी घडवलेली साधनंच आली. पायाला बांधायचा कॅलिपर आणि कुबड्या यांच्यावर पोलिओची छाप होती. पोलिओत पाय लुळा पडतो, पण तोल राखणारा मेंदू शाबूत असतो, त्यामुळे पायाला आधार दिला की बरंच काम भागतं. सेरेब्रल पाल्सीत मेंदूकडून येणारा हुकूमच बिघडलेला असतो. स्नायू आखडतात, गुडघे एकमेकांवर घासतात, टाचा टेकत नाहीत. नंतर आलेला वॉकर, म्हणजे हातांनी धरून चालायची चौकट, हाही मोठ्या माणसांचाच, उंची कमी केलेला.

खरा वाद पेटला तो १९८० च्या दशकात, वॉकरची चौकट मुलाच्या पाठीमागे नेली गेली तेव्हा. पुढच्या वॉकरवर मूल रेलतं. कंबर वाकते, गुडघे दुमडतात आणि चाकं पुढे पळाली की ते आणखीच ओणवं होतं. मागच्या वॉकरमध्ये मुठी कमरेच्या दोन्ही बाजूंना असतात, आडवा दांडा पाठीमागे असतो आणि मूल ती चौकट ओढत चालतं. मागच्या चाकांना उलटं फिरू न देणारी कळ असते, म्हणून तोल मागे गेला तरी चौकट निसटत नाही. ‘मागचा’ या शब्दाने मात्र फार घोळ केला. नवीन माणूस तो हमखास उलटा फिरवून मुलापुढे ठेवतो, आणि मग तीच कळ पाऊल अडवते.

१९९० च्या सुमारास मोजमापं सुरू झाली. मागच्या वॉकरने मुलं कमी वाकून चालतात असं दिसलं, पण चालण्याला लागणाऱ्या श्रमांबाबत निष्कर्ष एकसारखे आले नाहीत; शिवाय तपासलेली मुलं मोजकीच. तरीही बरेच फिजिओथेरपिस्ट मागच्या वॉकरकडे वळले. माझ्या मते यातला सर्वांत मोठा फायदा कोनमापकात सापडणारच नव्हता: मुलासमोरची जागा मोकळी झाली. टेबलाला पोट टेकवून उभं राहता येतं, दुसऱ्या मुलाच्या हातातली वस्तू घेता येते.

१९९७ मध्ये या मुलांच्या हालचालींची पाच पातळ्यांत वर्गवारी झाली. हातात धरायच्या साधनाने चालणारी मुलं तिसऱ्या पातळीत आली. चौथ्या पातळीतल्या मुलांना धडालाही आधार लागतो, म्हणून त्यांच्यासाठी छातीचा पट्टा आणि बैठक असलेले ‘गेट ट्रेनर’ (चालण्याच्या सरावाची साधनं) असतात. बोलताना त्यांनाही सर्रास वॉकरच म्हणतात आणि चुकीचं साधन घरी येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने (आयसीएफ) दैनंदिन जीवनातल्या सहभागाला वजन दिलं. तोवर ‘चाल सुधारली का?’ एवढंच विचारलं जाई. आता रचनाकाराला मूल कुठे पोचतं हेही पाहावं लागतं: दारातून चौकट जाते का, वळताना मागचा दांडा अडकतो का, आणि थकलेलं मूल कुणाला हाक न मारता खुर्चीत बसू शकतं का.