कॅम्पर व्हॅनमधली वीज मध्येच जाते? गाडी आणण्याआधी हे वाचा

"काल रात्री सगळं बंद होतं, आज तुमच्याकडे आणली तर चालू आहे." असं सांगताना बरेच ग्राहक ओशाळतात. ओशाळू नका. जुन्या गाडीत असंच होतं आणि आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवतो. पूर्ण जळलेली वस्तू दहा मिनिटांत सापडते. येणारा-जाणारा बिघाड मात्र तो हजर असतानाच पकडावा लागतो, आणि तो कधी हजर असतो हे गाडीत राहणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून हे पत्रक.

आमचं पहिलं मागणं एका वहीचं आहे. गाडीत एक छोटी वही ठेवा आणि वीज गेली की तिथल्या तिथे लिहा: इंजिन चालू होतं का, रस्ता खडबडीत होता का, पाऊस होऊन गेला होता का, त्या वेळी आणखी काय काय चालू होतं, आणि वीज परत कशी आली. आपोआप आली, की कोणी काही हलवलं? दिवा, पंखा, पंप एकदम गेले तर त्यांचा सामाईक फ्यूज किंवा अर्थ, म्हणजे करंटचा परतीचा रस्ता, बघायचा. एकटा पंप गेला तर त्याचा स्विच आणि कनेक्टर. खड्ड्यात गेली तर काहीतरी ढिलं आहे. अर्ध्या तासानं गेली आणि गार झाल्यावर आली, तर एखादा जॉइंट तापतो आहे. एका ताईंनी लिहून आणलं होतं, "मागच्या बिछान्यावर कोणी बसलं की दिवा लुकलुकतो." फळी उचलली, तर खालची वायर पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली होती. त्या एका ओळीनं आमचा अख्खा दिवस वाचला.

बॅटरीच्या आधी अर्थ बघा

गाडीत प्लसची वायर प्रत्येक वस्तूपर्यंत जाते, पण परतीचा रस्ता बहुतेक वेळा गाडीचा पत्राच असतो. त्यालाच आपण बॉडी अर्थ म्हणतो. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत हा रस्ता बोल्टाखालच्या गंजानं किंवा रंगानं अडतो.

मागे एक टेम्पो ट्रॅव्हलर आली होती. फ्रिज चालू व्हायचा, थोड्या वेळानं बंद, परत चालू. आमच्याकडे येण्याआधी दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. बॅटरीवर १२.५ व्होल्ट दिसत होते, म्हणजे तिथे काही खोट नव्हती. मग फ्रिज चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी फ्रिजच्या मायनसला लावली. तिथे जेमतेम ०.२ व्होल्ट दिसायला हवे होते, दिसले १.९. डेंटिंग-पेंटिंग करताना अर्थच्या बोल्टाखाली रंग गेला होता. व्होल्टेज पडलं की फ्रिज बॅटरी वाचवायला स्वतःहून थांबायचा, भार गेल्यावर व्होल्टेज वर यायचं, की परत सुरू. रंग खरवडून पत्रा उघडा केला, वायरीच्या टोकाला नवं थिंबल (बोल्टात अडकवायची धातूची कडी) दाबून बसवलं, काम झालं. त्या दोन बॅटऱ्यांच्या खर्चाचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

मोजमाप भार, म्हणजे वीज खाणारी वस्तू, चालू असतानाच करायचं, यावर आम्ही अडून बसतो. वायरीचे सगळे धागे तुटून एकच उरला तरी ओहम मोजताना मीटर ती वायर चांगली आहे असंच दाखवतो, कारण मीटर तिच्यातून नावापुरताच करंट सोडतो. पंख्याचे किंवा पंपाचे पाच अँपिअर जायला लागले की खरं काय ते कळतं.

नंतर जोडलेल्या वस्तूंच्या वायरीतही व्होल्टेज असंच पडतं. पाच मीटर लांब बसवलेल्या फ्रिजला जाऊन-येऊन दहा मीटर वायर लागते. दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढली तर पाच अँपिअरला साधारण ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. चार चौरसची टाकली तर पाव व्होल्टही जात नाही.

विश्वामित्रीचं पाणी

वडोदऱ्यात विश्वामित्री नदीला ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या पुरात उभ्या असलेल्या गाड्या अजूनही आमच्याकडे येतात. पाणी ओसरतं, पण वायरीच्या उघड्या टोकातून ते तांब्याच्या धाग्यांमधून आत आत चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. बाहेरून वायर नवी दिसते, सोलली की तांबं काळं किंवा हिरवं. असं तांबं नुसतं पुसून भागत नाही, चकाकतं तांबं लागेपर्यंत वायर कापावी लागते. गाडी पाण्यात उभी होती हे आम्हाला आधी सांगा, लपवू नका. कच्छच्या रणात फिरून आला असाल तर तेही सांगा. तिथलं मीठ जुन्या कनेक्टरांना लवकर खातं.

घरी काय करता येईल

मायनस काढून बॅटरीची टर्मिनलं घासा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. मीटर असेल तर मागच्या बॅटरीचं (दिवे, पंखा, फ्रिज चालवणाऱ्या, इंजिनच्या बॅटरीहून वेगळ्या) व्होल्टेज दोनदा लिहा: रात्रभर काही न चालवता सकाळी, आणि इंजिन चालू करून. साध्या लेड-ॲसिड बॅटरीवर सकाळी १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.४च्या आसपास गेला पाहिजे. हललाच नाही तर दोन बॅटऱ्यांना जोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) किंवा त्याचा फ्यूज बघावा लागेल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून दहाच्या जागी तीसचा टाकू नका, चांदीचा कागद तर नाहीच नाही. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तो उडाला नाही तर वायर पेटते, आणि तुमच्या गाडीत भोवती प्लायवूड आहे, फोम आहे, गॅसची टाकी आहे, मुलं झोपलेली आहेत. जळका वास आला तर लगेच बॅटरीचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला घरी हात घालू नका.

गाडी आणताना

वही आणा. नेहमीचं सामान गाडीतच राहू द्या, कारण रिकाम्या गाडीत काही बिघाड दिसतच नाहीत. येण्याआधी टेप गुंडाळू नका, काही हलवू नका. गरुडेश्वरला किंवा नारेश्वरला निघायचं असेल तर आदल्या दिवशी नको, निदान चार दिवस आधी या. बिघाड लगेच दिसला नाही तर आम्ही गाडी एक रात्र ठेवून घेऊ, सगळं चालू करून बसू आणि दुसऱ्या दिवशी खडबडीत रस्त्यावर फिरवून आणू. कुठला जॉइंट बदलला, कुठे किती व्होल्ट होते आणि आता किती आहेत, हे तुमच्याच वहीत लिहून देऊ. बदललेला प्रत्येक तुकडा पिशवीत घालून परत मिळेल.