डोळ्यातून आरपार जाणारा प्रकाश: थेट पारगमन आणि एकूण पारगमन

'कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) 90 टक्के प्रकाश जाऊ देतो' असं वाचलं की आधी विचारावं, कोणता प्रकाश मोजला? नाकासमोर सरळ बाहेर पडलेला, की वाटेत विखुरून तिरका गेलेलाही? पारगमन म्हणजे आरपार गेलेल्या प्रकाशाचं प्रमाण; पहिलं थेट पारगमन, दुसरं एकूण. बोएटनर आणि वोल्टर या संशोधकांनी 1962 साली मानवी डोळ्याच्या भागांसाठी दोन्ही वेगवेगळी दिली, ती याचसाठी.

थेट मोजायला डिटेक्टर (प्रकाश मोजणारं उपकरण) नमुन्यापासून लांब न्यायचा आणि त्याच्यापुढे बारीक भोक ठेवायचं. 60 सेंमीवर 5 मिमीचं भोक म्हणजे साधारण अर्धा अंश. डिटेक्टर नमुन्याजवळ आणला की विखुरलेला प्रकाशही आत शिरतो. मग आकडा धड थेट नाही, धड एकूण नाही.

एकूण मोजायला इंटिग्रेटिंग स्फिअर लागतो, म्हणजे सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा, आतून पांढरा पोकळ गोळा. नमुना त्याच्या तोंडाला टेकलेलाच हवा. फट राहिली की तिरके किरण कडेने निसटतात आणि तो तोटा शोषणाच्या खात्यावर चढतो.

फरक किरकोळ नाही. समजा, जाडी 0.5 मिमी, थेट 60 टक्के, एकूण 90 टक्के. नैसर्गिक लॉगरिदम घेऊन जाडीने भागलं तर क्षीणन गुणांक (दर मिमीला प्रकाश किती घटतो त्याचं माप) थेट आकड्यावरून दर मिमीला 1.02 येतो, एकूणवरून 0.21. जवळजवळ पाचपट! पहिल्यात शोषण आणि विखुरणं दोन्ही आहे; दुसऱ्यात मुख्यतः शोषण, शिवाय मागे परतलेला प्रकाश.

सगळ्यात जास्त घात नमुनाच करतो. साध्या सलाईनमध्ये रात्रभर ठेवलेला कॉर्निया पाणी ओढून फुगतो, कोलॅजनच्या तंतूंची नीट मांडणी विस्कटते आणि तो दुधाळ होतो. म्हणून नेत्रपेढीच्या साठवण द्रावणात 4 अंश सेल्सिअसला ठेवावा आणि जाडी मोजणीआधी व नंतरही घ्यावी. बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीची नमुन्याविना मोजणी, सलाईन भरलेल्या क्युव्हेटची (नमुना ठेवायच्या पारदर्शक डबीची) घ्या. कारण हवेत धरलेल्या कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठावरूनच सुमारे 2.5 टक्के प्रकाश परततो.

दृष्टिपटलावर किती प्रकाश पोहोचतो हे हवं असेल तर एकूण पाहा, चित्र किती स्वच्छ हे हवं असेल तर थेट. वयाने पिवळं पडलेलं भिंग निळा प्रकाश शोषतं, तिथे दोन्ही आकडे उतरतात. दुधाळ होऊ लागलेल्या मोतीबिंदूत मात्र थेट आकडा कोसळतो, एकूण बराच टिकतो. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी रुग्णाचे डोळे दिपतात ते याच भरकटलेल्या प्रकाशाने.