आतला कोपरा आणि बाहेरचा कोपरा: कॉर्निसचा काप चुकतो तो इथेच

परभणीतल्या आमच्या घराच्या बैठकीत छत आणि भिंत मिळतात तिथे सागवानी कॉर्निस, म्हणजे नक्षीची पट्टी, बसवायची ठरली, तेव्हा मी सरळ हिशेब केला: चार कोपरे, आठ काप. प्रत्यक्षात सोळा निघाले, कारण एका भिंतीच्या मधोमध कॉलम आहे. आपल्याकडच्या आरसीसी घरात हे ठरलेलंच. भिंत साडेचार इंची, कॉलम नऊ इंची, मग उरलेला कॉलम खोलीत पुढे येतो. असा एक कॉलम दोन आतले आणि दोन बाहेरचे कोपरे वाढवतो.

आतला कोपरा म्हणजे जिथे जळमटं धरतात तो. बाहेरचा म्हणजे कपाट सरकवताना जिथे गिलाव्याची कड उडते तो. डोळ्यांना फरक लगेच कळतो, पण पट्टी हातात घेतली की गोंधळ होतो. दोन्हीकडे काप 45 अंशांचाच असतो, फक्त दिशा उलटी.

याचं कारण पट्टीच्या बसण्यात आहे. कॉर्निस भिंतीला सपाट चिकटत नाही, ती तिरकी टेकते. खालची कड भिंतीवर, वरची कड छतावर, भिंतीपासून थोडी पुढे. आतल्या कोपऱ्यात खालची कड थेट कोपऱ्यापर्यंत जाते, वरची अलीकडेच थांबते. म्हणून भिंतीकडची कड लांब, छताकडची आखूड. बाहेरच्या कोपऱ्यात नेमकं उलटं: भिंतीकडची कड कोपऱ्यावर संपते आणि छताकडची पुढे निघून जाते. माप मात्र दोन्ही वेळा भिंतीकडच्या कडेवरच घ्यायचं.

हे मला पट्टी वाया गेल्यावर कळलं. मायटर बॉक्समध्ये, म्हणजे करवत ठरावीक कोनात चालवायच्या खाचांच्या खोक्यात, कॉर्निस उलटी धरतात: छताकडची कड बॉक्सच्या तळावर, भिंतीकडची बॉक्सच्या उभ्या बाजूला. वरचं खाली झालं की डावं टोकही उजवीकडे येतं. मी ते विसरलो आणि कॉलमसाठीचा तुकडा आतल्या कोपऱ्यासारखा कापला. किनवटकडचं सागवान होतं, फार जिवाला लागलं. गल्लीतले सुतारकाका तेवढंच म्हणाले, "आधी भिंतीकडची कड बघ बाळा, छताकडं नंतर बघू."

सांधा लपवायची रीतही दोन्हीकडे वेगळी. आतल्या कोपऱ्यात दोन तिरके काप नुसते भिडवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड सुकून आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं, त्यामुळे तो सांधा उघडतोच. त्यापेक्षा पहिली पट्टी सरळ कापून कोपऱ्याला भिडवावी. दुसरीला 45चा काप घ्यावा. त्या कापाच्या दर्शनी कडेवर नक्षीची नागमोडी रेघ उमटते. बारीक पात्याच्या करवतीने त्या रेघेवरून मागचं लाकूड तिरकं काढून टाकायचं. उरलेली कड पहिल्या पट्टीच्या नक्षीवर अलगद चढते, आणि कोपरा काटकोनात नसला तरी सांभाळून घेते.

बाहेरच्या कोपऱ्याला ही सवलत नाही. तिथे एका पट्टीचं टोक उघडं राहिलं तर लाकडाचे आडवे कापलेले रेषे समोरच दिसतात, म्हणून दोन तिरके कापच भिडवावे लागतात. त्यामुळे कापण्याआधी गुण्या (काटकोन बघायचं सुताराचं अवजार) लावून कोपरा तपासावाच लागतो. कोपरा 92 अंशांचा निघाला तर दोन्ही पट्ट्यांच्या वाट्याला 46 येतात. समोर बारीक फट राहिली तर कापाची मागची बाजू कानसीने थोडी उतरवावी, म्हणजे दर्शनी कडा मिटतात. मग सांध्यात लाकडाचा गोंद आणि दोन्हीकडून बारीक खिळे.

पीओपीची पट्टी असेल तर यातलं बरंच सोपं होतं. फट राहिली तरी ओलं पीओपी भरून थापीने नक्षी जुळवता येते, फक्त हात चटचट चालायला हवा. दिशा चुकली तर मात्र तिथेही तुकडा वायाच.

वाया गेलेल्या सागवानाचे मी वीतभर लांबीचे चार नमुने कापले: आतला डावा, आतला उजवा, बाहेरचा डावा, बाहेरचा उजवा. मागे पेन्सिलीने नाव लिहिलं, आणि छताकडच्या कडेवर बाण. नवी पट्टी बॉक्समध्ये ठेवण्याआधी त्यातला योग्य नमुना कोपऱ्यात धरून बघतो, मगच करवत उचलतो.