इंग्लंडमध्ये हायस्कूल पूर्वापार मोफत होतं का?

‘इंग्लंडमध्ये शेकडो वर्षांपासून प्रत्येक मुलाला हायस्कूलपर्यंत मोफत शिक्षण मिळत होतं,’ असा संदेश अधूनमधून फिरतो. तिथल्या काही शाळा चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या, त्यामुळे हे सहज पटतं. पण शाळा जुनी असली म्हणून ती सगळ्यांसाठी होती असं नाही.

१८७०च्या कायद्याने सरकारी मदतीच्या प्राथमिक शाळांचं जाळं विणायला सुरुवात झाली. १८८०मध्ये हजेरी सक्तीची झाली, तीही दहाव्या वर्षापर्यंतच. माध्यमिक शाळा चालवण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाला १९०२मध्ये मिळाला. फी मात्र होतीच. १९०७पासून अनुदानित माध्यमिक शाळांना साधारण चतुर्थांश जागा मोफत ठेवाव्या लागल्या, आणि त्यासाठी परीक्षा. बहुतेक मुलं प्राथमिक शाळेतूनच थेट कामाला लागत.

सरकारी माध्यमिक शाळांमधली फी गेली ती १९४४च्या शिक्षण कायद्याने. त्यानंतरही कोणतं मूल कोणत्या प्रकारच्या शाळेत जाणार, हे बहुतेक ठिकाणी अकराव्या वर्षीची परीक्षा ठरवायची. संदेशात हे कधीच नसतं.

पडताळायचं असेल तर त्या कायद्याचा मूळ मजकूर शोधून ६१वं कलम वाचा. त्यात फी घेण्यास मनाई आहे. आधीपासून मोफतच असतं, तर हे कलम घालावं कशाला लागलं असतं?