ई-शासन : स्थानिक स्वराज्य संस्थांतील अडचणी (नाशिक जिल्हा)

दाखले, घरपट्टी-पाणीपट्टी, बांधकाम परवानगी, तक्रारी आणि हिशेब ही कामे संगणक व इंटरनेटद्वारे करण्याची पद्धत म्हणजे ई-शासन. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचे संगणकीकरण 2011 पासून ‘संग्राम’ प्रकल्पातून झाले. पुढे त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ने अधिसूचित सेवांना कालमर्यादा घालून दिली आणि विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद केली. मुदत मात्र परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते, त्यामुळे ‘त्रुटी’ काढून अर्ज परत पाठवला की घड्याळ सुरूच होत नाही.

नाशिक जिल्ह्याच्या 15 तालुक्यांत निफाड-सिन्नरसारखे बाजारपेठांचे तालुके आहेत, तसेच सुरगाणा-पेठचे डोंगरी आदिवासी पाडेही आहेत. तिथे पावसाळ्यात वीज गेली की रेंजही जाते. तरीही खरा अडसर नेटवर्कपेक्षा जुन्या दप्तराचा आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, घर अजून आजोबांच्या नावावर असते. वारसनोंद झालेली नसते. आधारवर ‘दत्तू’, वहीत ‘दत्तात्रय’. संगणकाला ही दोन माणसे वाटतात. ग्रामसेवकाला (2024 पासून पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’) तो एकच माणूस असल्याचे पक्के ठाऊक असते, पण तसे लिहायला स्क्रीनवर रकाना नसतो. जन्मनोंदीचेही तसेच : जुन्या रजिस्टरांत बाळाचे नावच भरलेले नसते. 1 ऑक्टोबर 2023 पासून अमलात आलेल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या दुरुस्तीने त्या दिवसापासून जन्मलेल्यांच्या जन्मदाखल्याचे वजन वाढवले, त्यामुळे नव्या नोंदीतली चूक पूर्वीपेक्षा महाग पडते.

दुसरी अडचण दुहेरी कामाची. ग्रामपंचायतीचे 1 ते 33 नमुने वहीतही ठेवायचे आणि ऑनलाइनही भरायचे. त्यात 2020 मध्ये केंद्र सरकारच्या ‘ई-ग्रामस्वराज’ या पंचायतींच्या आराखडा व हिशेबाच्या पोर्टलची भर पडली. हे भरणारा संगणक परिचालक तुटपुंज्या मानधनावर असतो. डिजिटल सहीचे डोंगल ग्रामसेवकाकडे, आणि त्याच्याकडे दोन गावांचा कार्यभार असेल तर सही त्याच्या त्या गावी येण्याच्या वाराप्रमाणेच होते.

1982 मध्ये स्थापन झालेल्या नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत. शहरात प्रश्न रेंजचा नाही, मिळकतींच्या नोंदी ताज्या ठेवण्याचा आहे : फ्लॅट विकला जातो, भाडेकरू बदलतो, वापर निवासीचा व्यावसायिक होतो. हे विभागीय कार्यालयात कोणी कळवले नाही, तर घरपट्टीचे ऑनलाइन बिल जुन्याच नावाने निघत राहते.