उंच पिंजऱ्याचा हट्ट

झाडावरचा साप पाळायचा म्हटलं की कपाटासारखा उभा, अरुंद पिंजरा घ्यायचा, ही समजूत वर्षानुवर्षं चालत आली आहे. न्यू गिनीतल्या हिरव्या अजगराचं (ग्रीन ट्री पायथन) उदाहरण घ्या. त्याची लांबी साधारण दीड मीटर. दिवसभर तो आडव्या फांदीवर वेटोळं घालून बसतो आणि रात्री शिकारीसाठी बऱ्याचदा जमिनीजवळ उतरतो. सरळ वर चढत राहणं हा काही त्याचा दिनक्रम नाही.

उभ्या पिंजऱ्याची खरी अडचण उष्णतेची. गरम हवा वर साठते. सापाला सुरक्षित वाटतं तेही वरच, म्हणजे गारवा हवा तर आसरा सोडा! त्यापेक्षा ९० सेंटिमीटर रुंद आणि ६० उंच, तेवढीच खोल पेटी बरी. एका टोकाला ३०-३१ अंश, दुसरीकडे २५-२६, आणि दोन्हीकडे एकाच उंचीवर फांद्या. फांदी सापाच्या अंगाएवढी जाड हवी, फिरता कामा नये, पण काढता यावी. साफसफाईच्या वेळी साप फांदीसकट उचलता येतो.

आणि हो, ‘वर्षावनातला साप’ म्हणून पेटी सतत ओली ठेवू नका. रात्री फवारा, दिवसा कोरडं. कोंदट ओलीत श्वसनाचे आजार होतात.