ईसीआर गट मुळात आला कुठून?

युरोपियन पार्लमेंटच्या बातम्यांत ईसीआर, म्हणजे युरोपियन कन्झर्व्हेटिव्ह्ज अँड रिफॉर्मिस्ट्स, हा खासदारांचा गट हल्ली इटलीच्या पंतप्रधान मेलोनीबाईंचा म्हणूनच ओळखला जातो, पण तो मुळात इटलीचा नाहीच. सुरू केला ब्रिटनच्या कन्झर्व्हेटिव्हांनी, आपल्या पेपरांतला तो हुजूर पक्ष, आणि हे माहीत नसेल तर गटाची आजची धोरणं नीट कळत नाहीत असं मला मनापासून वाटतं.

२००५ ला डेव्हिड कॅमेरून पक्षाच्या नेतेपदासाठी उभे होते तेव्हा त्यांनी शब्द दिला की आपण ईपीपी, म्हणजे युरोपियन पीपल्स पार्टीचा गट, सोडणार. ईपीपी पण उजवीकडचाच, जर्मनीच्या मर्केलबाईंचा पक्ष त्यातलाच, पण त्यांना युरोप अजून एकत्र आणायचा होता आणि कॅमेरूनच्या लोकांना नेमकं तेच नको होतं. शब्द पाळायला २००९ उजाडलं. सोबत पोलंडचा लॉ अँड जस्टिस आणि चेक ओडीएस हे पक्ष, आणि त्या मार्चमधला प्राग जाहीरनामा: देशांचं सार्वभौमत्व, फेडरल युरोपला विरोध, मोकळा बाजार, कमी टॅक्स, नाटोशी घट्ट नातं.

आता गट म्हणून मान्यता हवी, म्हणजे पैसा, बोलायला वेळ, कमिट्यांत वजन, तर तेव्हा किमान २५ खासदार आणि ७ देश लागायचे. खासदार भरपूर होते हो, गाडी अडत होती देशांवर! मग बेल्जियम, हंगेरी, हॉलंड, लाटव्हिया इथून एकेक जण घेऊन आकडा जमवला. लाटव्हियातून तेव्हा एकटे आलेले रॉबर्ट्स झीले २०२४ नंतरही गटातच आहेत आणि पार्लमेंटच्या उपाध्यक्षांपैकी एक आहेत.

२०१४ ला ७० खासदार, थेट तिसरा नंबर. जर्मनीची कडवी उजवी पार्टी एएफडी पण आली होती, पण तिच्या नेत्यांनी सीमेवर निर्वासितांवर बंदूक चालवायची भाषा केली आणि २०१६ ला गटाने त्यांना जायला सांगितलं, ते बरंच झालं. मग ब्रेक्झिट. २०१९ ला ब्रिटिश कन्झर्व्हेटिव्ह उरले फक्त ४, आणि ३१ जानेवारी २०२० ला तेही गेले, म्हणजे ज्यांनी घर बांधलं तेच बाहेर.

त्यानंतर वजन आधी वॉर्साकडे आणि मग रोमकडे सरकलं. २०२४ ला एकूण ७८ खासदार, मेलोनींच्या ब्रदर्स ऑफ इटलीचे २४, पोलंडवाले २०. स्पेनचा वॉक्स पक्ष हंगेरीच्या ऑर्बानच्या नव्या गटात गेला. खुल्या व्यापाराचा सूर आता मागे पडलाय, पुढे आहे स्थलांतर, सीमा आणि ग्रीन डीलला, म्हणजे युरोपच्या हवामान धोरणाला, विरोध. युक्रेनच्या बाबतीत मात्र मेलोनी आणि पोलंडवाले दोघंही रशियाविरुद्ध ठाम आहेत, ऑर्बानशी त्यांचं जुळत नाही त्यातलं हे मोठं कारण.

पण मेलोनी आणि पोलंडवाल्यांचं सगळंच जुळतं असं नाही. २७ नोव्हेंबर २०२४ ला फॉन डेअर लायेनबाईंच्या नव्या युरोपियन कमिशनवर, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार चालवणाऱ्या मंडळावर, मतदान झालं, त्यात गटाचे आधीचे सहअध्यक्ष राफाएले फित्तो कार्यकारी उपाध्यक्ष होणार होते, तर मेलोनींच्या खासदारांनी बाजूने मत दिलं आणि पोलंडवाल्यांनी विरोधात.